बुद्धिबळ आणि खून: आणखी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात?

मदत हवी आहे. बुद्धिबळाभोवती गुंफलेल्या जुन्या रहस्यकथा सध्या पुन्हा वाचतोय. एस. एस. व्हॅन डाइनची 'द बिशप मर्डर केस' (1929) कालच संपवली. दाराशी सोडलेला बुद्धिबळातला काळा उंट आजही अंगावर काटा आणतो, पण पटावरची चाल आणि गुन्ह्याची उकल यांचा सांधा मला फारसा घट्ट वाटला नाही. अगाथा ख्रिस्तीच्या 'द बिग फोर' (1927) मधलं बुद्धिबळाचं प्रकरण मात्र छोटं असूनही चोख आहे. 'रुय लोपेझ' नावाच्या ठरावीक चालींनी डावाची सुरुवात, तिसऱ्या चालीला उंट पुढे, आणि खेळाडू जागीच कोसळतो! पट मांडून वाचलं तर अजूनच मजा येते.

मला सगळ्यात भिडली ती स्पॅनिश लेखक पेरेझ-रेव्हेर्तेची 'द फ्लँडर्स पॅनेल' (1990). एका जुन्या चित्रात रंगवलेला डाव उलटा खेळत जायचा आणि घोडा कोणी मारला ते शोधायचं. अशी मागे जाणारी उकल असलेली दुसरी कादंबरी कोणाला माहीत आहे का? शक्यतो 1950 च्या आधीची. नुसता मुखपृष्ठावर पट नको, मांडणीतूनच गुन्हेगार सापडायला हवा. आणि कृपया शेवट सांगू नका.