मदत हवी आहे: 'सकारण स्पष्ट करा'ला मुलं टीपच लिहितात

सांगलीतल्या आठवीच्या मुलांसाठी विचारतोय. 'प्रतिसरकार'वर (ब्रिटिश राजवटीला पर्याय म्हणून चालवलेलं लोकांचं समांतर सरकार) टीप बरी जमते: 1943, सातारा जिल्हा, क्रांतिसिंह नाना पाटील, करवसुली, न्यायदान, गुन्हेगारांना शिक्षा. घोडं अडतं ते 'प्रतिसरकारला लोकांचा पाठिंबा मिळाला' हे विधान सकारण स्पष्ट करताना. तीच टीप पुन्हा उतरवतात. उत्तर हवं असं: गावातच न्याय मिळू लागला, सावकारशाहीला विरोध झाला, म्हणून लोक जोडले गेले. हा 'म्हणून'च गळतो. कच्च्या जागेत आधी दोन-तीन कारणं टिपायला लावली तर वेळ पुरत नाही. तुम्ही ही सवय कशी लावता? आणि काही जण जिल्हा 'सांगली' लिहितात (तो 1949 साली वेगळा झाला, तेही 'दक्षिण सातारा' नावानं). त्याचा गुण कापावा का?