मदत हवी: लहान मुलांचा चष्मा लिहायला ज्युनियरना कसं शिकवू?

ओपीडी_सोलापूर
ज्युनियरना रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर मोजणं) जमते, पण कागदावर काय लिहायचं तिथे गाडी अडते. काल ४ वर्षांची मुलगी आली, दोन्ही डोळ्यांचं रीडिंग +५.५०. तिघांनी तीन चष्मे लिहिले: +५.५०, +४ आणि +३. शुक्रवारी त्यांचा वर्ग माझ्याकडे आहे. पुस्तक वाचून दाखवायचं नाही. कसं शिकवलंत ते लवकर सांगा.

डोळस
किती अंतरावरून पाहिलं? कोणतं औषध घातलं होतं? डोळे सरळ आहेत का? हे कळल्याशिवाय कोण चुकलं ते कसं सांगणार?

पेठकर
एवढ्या लहान पोरांना चष्मा लावूच नका. पुतण्याचा मोबाईल बंद केला, रोज गाजराचा रस दिला, नंबर गेला.

डोळस
गाजराने डोळ्याच्या गोलाची लांबी बदलत नाही, काका. त्यांनी विचारलंय काय!

ओपीडी_सोलापूर
अंतर ६६ सेंमी. अ‍ॅट्रोपिन मलम (फोकसचा जोर काही दिवस सैल करणारं औषध) ३ दिवस. उजवा डोळा आत वळतो, म्हणून तर आईने आणलं. ज्युनियर एमएसच्या पहिल्या वर्षाचे. आता बोला.

डोळस
मग +४. अंतराचे १.५० वजा, बस. प्लस नंबरचं मूल स्पष्ट दिसावं म्हणून जोर लावतं आणि त्या जोरासरशी डोळा आत ओढला जातो. तो जोर चष्म्याने काढून घ्यायचा, म्हणून आत वळणाऱ्या डोळ्याला प्लस पूर्ण. +३ दिला तर तिरळेपणा उरू शकतो.

जुना_रेसिडेंट
औषधाने नंबर जास्त निघतो म्हणून आमचे सर आणखी अ‍ॅट्रोपिनचा १ आणि होमॅट्रोपिनचा (तसंच, पण सौम्य औषध) अर्धा कापायलाच लावायचे. परीक्षेतही तेच विचारतात.

डोळस
सरळ डोळ्यांच्या मुलाला मीही कापतो. डोळे सरळ, दोन्हीकडे सारखा +२, मूल ४ वर्षांचं, तर मी चष्माच देत नाही. पण एकीकडे +१ आणि दुसरीकडे +३.५० निघाला तर सोडायचं नाही, तो डोळा आळशी पडतो. शिकवायचं ते हे. वजाबाकी कुणालाही येते.

मोहोळची_आई
मे महिन्यात माझ्या मुलाला ते मलम घातलं तर तोंड लालबुंद झालं, अंग तापलं. रात्री धावाधाव झाली. असं होऊ शकतं हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांना आधी हे शिकवा.

ओपीडी_सोलापूर
ताई, अगदी बरोबर. हे वर्गात घेतेच.

जुना_रेसिडेंट
त्यात हेही घ्या: मलम तांदळाच्या दाण्याएवढंच, घातल्यावर नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, हात धुवायचे, ताप आला तर मलम बंद करून लगेच यायचं. आणि समजेल त्या भाषेत. सोलापूरच्या पूर्व भागातली आजी तेलुगूत विचारते, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये. मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका.
शुक्रवारसाठी जुने केसपेपर काढा, शेवटचा नंबर चिकटपट्टीने झाका. आधी प्रत्येकाने स्वतः चष्मा लिहायचा आणि का लिहिला ते खाली एका ओळीत. मग पट्टी काढायची. पुढच्या भेटीत डोळा सरळ राहिला का तेही त्याच पेपरवर दिसतं. मी यातूनच शिकलो.

पेठकर
नवी पेठेत लहान मुलांच्या चांगल्या फ्रेम कुठे मिळतात? गाडी लावायला जागा असेल असं दुकान सांगा.

चष्मेवाला
काका, वेगळा धागा काढा.
मॅडम, ज्युनियरना पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) लिहायलाही शिकवा. निम्म्या चिठ्ठ्यांवर नसतो. +४ च्या काचेचा मध्य बाहुलीसमोर नसेल तर पोर चष्मा काढून फेकतं. फ्रेम नाकावरून घसरली की ते वरून बघतं, मग नंबर बरोबर असून काय उपयोग? मागे पट्टा, काच पॉलिकार्बोनेटची, एवढं चिठ्ठीवर लिहा, आम्ही बाकीचं बघतो.

डोळस
आणि या मुलीचा चष्मा अ‍ॅट्रोपिनचा असर उतरण्याआधीच घालायला सुरू करा. तेव्हा तिला जोर लावताच येत नाही, त्यामुळे चष्म्यातून बरं दिसतं आणि सवय लागते. पीएमटीसाठी (औषधाचा असर उतरल्यावरची पुन्हा तपासणी) ३ आठवडे थांबून ४ वर्षांचं मूल काय सांगणार?

जुना_रेसिडेंट
पीएमटी अगदीच सोडू नका, मोठ्या मुलांना लागतेच.

ओपीडी_सोलापूर
मुलीला +४ लिहिला, आई उद्या चष्मा आणते म्हणाली. केसपेपर काढायला सांगितलेत. आत वळणारे आणि सरळ डोळ्यांचे मिसळूनच ठेवते, नाहीतर पोरं गठ्ठ्यावरून ओळखतील. आमच्याकडे सगळे प्लसचेच निघालेत. एकाच डोळ्यात मोठा सिलिंडर (आडव्या-उभ्या दिशेत वेगळा नंबर) असलेली केस कुणाकडे असेल तर नाव-गाव खोडून गुरुवारपर्यंत पाठवा.