मदत हवी आहे: मेंदूच्या लॅटिन शब्दांची फोड मराठीत कुठे मिळेल?
नमस्कार मंडळी. माझी भाची काटोलला मराठी माध्यमात शिकली, यंदा नागपुरात एमबीबीएसला लागली. मेंदूचा धडा आला की शब्दांनीच रडकुंडीला येते. काल तिला सांगितलं, ‘सेरेब्रम’ म्हणजे लॅटिनमध्ये मेंदू, ‘सेरेबेलम’ त्याचंच लघुरूप, म्हणजे छोटा मेंदू, ‘सेरेब्रल’ही तिथलाच. आणि आपलं संस्कृत ‘शिरस्’ त्याच घराण्यातलं! पोरीचा चेहराच खुलला. ‘मेंटल’, ‘डिमेन्शिया’ (स्मृतिभ्रंश) मात्र ‘मेन्स’ म्हणजे मन या वेगळ्या मुळातून आले, आणि ‘एन्सेफलायटिस’ (मेंदूची सूज) तर ग्रीक. अशी फोड मराठीत समजावणारं पुस्तक नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुठे मिळेल का? आठवड्यातून तासभर शिकवणारं कुणी असेल तरी कृपया कळवा. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे.