२८०झेड: सकाळी पेट्रोलचा वास येतो, पण गळती कुठेच दिसत नाही

सहासिलिंडर

१९७६ची डॅटसन २८०झेड आहे, मूळ इंजेक्शनवालीच (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टर दाबानं पेट्रोल फवारतात). तीन आठवडे झाले, सकाळी गॅरेजचं दार उघडलं की पेट्रोलचा वास येतो. गाडी चालू करून गरम झाली की वास गायब. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवून पाहिला, कोरडा. होज (पेट्रोलच्या रबरी नळ्या) वाकवून बघितले, बाहेरून एकही भेग नाही. एका मेकॅनिकनं टाकीचं झाकण बदलायला लावलं, काही उपयोग झाला नाही. आधीच्या मालकानं होज कधी बदलले होते याचा एकही कागद नाही.

संशय येईल तेवढाच तुकडा बदलू, की सगळे काढू? रविवारी मुलीला पहिल्यांदाच या गाडीतून लांब न्यायचं कबूल केलंय, म्हणून घाईनं विचारतोय.

जुनापाना

रविवार पुढे ढकला. वास कुठून येतो ते कळेपर्यंत गाडी चालू करू नका, आणि मुलीला तर तिच्यात बसवूच नका. कडक बोलतोय, कारण माझ्या २८०झेडच्या वेळी मी महिनाभर चालढकल केली होती आणि ते अजून मनाला लागतं.

या इंजिनात इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) एकाच बाजूला आहेत. वर रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) आणि इंजेक्टर, त्यांच्याखाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धुराच्या नळ्यांचा जुडगा. रेलमध्ये दाब साधारण अडीच बार, म्हणजे ३६ पीएसआय. अशा दाबाखाली होज फुटला तर नुसते थेंब पडत नाहीत, फवारा उडतो, आणि तो थेट मॅनिफोल्डवर. तुमचा पुठ्ठा कोरडा राहतो, कारण थोडंसं झिरपलेलं पेट्रोल खाली पोचायच्या आधीच उडून जातं.

सकाळीच वास का, तर जुनं रबर कडक होतं आणि क्लिपखाली दबून तसंच बसतं. रात्रीच्या गारव्यात ते आणखी आकसतं आणि जोड झिरपायला लागतो. इंजिन तापलं की रबर फुगतं, जोड पुन्हा धरतो. दुपारी गाडी बघणाऱ्याला काहीच सापडत नाही ते यामुळे.

माझ्याकडे पाचव्या इंजेक्टरचा होज निघाला. बाहेरून काळाभोर, तुकतुकीत. इंजेक्टरच्या बुडाशी पत्र्याची वाटी असते ना, तिच्या कडेला अंगठ्यानं दाबलं तर केसाएवढी ओली रेघ उमटली आणि अंगठा उचलताच वाळून गेली. होज काढून उभा चिरला, तर आतला थर बारीक भेगांनी भरलेला. त्या काळच्या रबराला हल्लीच्या पेट्रोलातलं इथेनॉल मानवत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही. तेव्हा वाकवून बघण्यावर विसंबू नका.

सकाळी इंजिन गार असतानाच तपासा. स्टार्टरच्या सोलेनॉइडची बारीक वायर काढून ठेवा, मग किल्ली स्टार्टला धरली की इंजिन न फिरता पंप चालतो. एकानं किल्ली धरायची, दुसऱ्यानं पांढरा टिश्यू प्रत्येक जोडाभोवती फिरवायचा: सहा इंजेक्टर, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह (गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा), दाबाचा रेग्युलेटर, फिल्टरची दोन्ही टोकं. दार उघडं, पावडरचा अग्निशामक हाताशी, उजेडाला बॅटरीचा टॉर्च.

सापडला तरी बदला मात्र सगळे. मागे पंपाजवळचे होज बहुतेक जण विसरतात, कारण गाडी उचलल्याशिवाय ते दिसतच नाहीत. नवीन होजवर ३०आर९ हा प्रतीचा क्रमांक छापलेला पाहून घ्या. तो इंजेक्शनसाठी, १०० पीएसआयचा. ३०आर७ फक्त ५० पीएसआयचा, कार्ब्युरेटरवाल्यांसाठी ठीक. क्लिप गुळगुळीत पट्टीच्या, वळवलेल्या कडांच्या घ्या. खाचांच्या पट्टीची क्लिप आवळली की रबर खाचांतून वर येतं आणि कापलं जातं.

ट्विनकार्ब

आमच्या एमजीबीत (जुनी ब्रिटिश कार, कार्ब्युरेटरवाली) दाब अगदी कमी, म्हणून मी निवांत होतो. मग एका कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीत, काळी भुकटी सापडली. होज आतून झडत होता. वरून कापडी वेष्टण असल्यामुळे बाहेरून काही दिसायचा प्रश्नच नव्हता. इंजेक्शनच्या गाडीत हीच भुकटी इंजेक्टरात अडकेल, त्यामुळे होज बदलताना फिल्टरही नवा टाका.

सहासिलिंडर

सापडलं! चौथ्या इंजेक्टरपाशी टिश्यू ओला झाला, आणि कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हच्या क्लिपखालीही थोडा. मुलीला सांगितलं, दोन आठवडे थांब. टिश्यू तिनंच फिरवला.

एकच अडलंय. इंजेक्टरवरचा जुना होज ओढून निघतच नाही. कापायचा कसा?

जुनापाना

शाबास तिची. ओढाओढ करू नका, इंजेक्टर वाकेल. आधी दाब काढा: पंपाचं कनेक्शन सोडून इंजिन फिरवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरीही पहिला जोड सोडताना वर फडकं गुंडाळा आणि चष्मा घाला, आत थोडं पेट्रोल राहतंच.

इंजेक्टर काढून टेबलावर घ्या. होज लांबीच्या दिशेनं चिरायचा, आडवा कधीच नाही. पातं आतल्या धातूच्या नळीला टेकू देऊ नका. तिच्यावरच्या कंगोऱ्यांवर एक ओरखडा पडला तरी नवा होजसुद्धा तिथूनच झिरपेल. शेवटचा पातळ थर मी पातं न लावता बोटांनी सोलतो. एका इंजेक्टरला वीस मिनिटं गेली तर जाऊ द्या.

सगळं बसवल्यावर इंजिन चालू करायच्या आधी टिश्यूची फेरी घ्या. मग गाडी तापवून रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा एक फेरी. ही दुसरी फेरी चुकवू नका, तुमची गळती गारव्यातलीच होती. आणि जुने होज फेकू नका, चौथा उभा चिरून त्याचा फोटो इथे टाका.