न्यूटन गावाने आधी ओबामांना निवडले, मग ट्रम्प यांना: ‘अडाणी मतदार’ म्हणणाऱ्यांना उत्तर

डी मॉइनवासी
अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या लहान गावांतले लोक अडाणी आणि वर्णद्वेषी आहेत, म्हणूनच ते ट्रम्प यांना मते देतात, असे परवा या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही. माझ्या घरापासून पाऊण तासावर न्यूटन आहे. कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली, 1893 मध्ये सुरू झालेली मेटॅग कंपनी म्हणजेच ते गाव, असे समीकरण होते. 2006 मध्ये व्हर्लपूलने ती विकत घेतली आणि 2007 मध्ये कारखान्याला टाळे लागले. त्यानंतरही न्यूटन ज्या जॅस्पर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येते, तिने 2008 आणि 2012 मध्ये ओबामांनाच कौल दिला, 2016 मध्ये मात्र ट्रम्प यांना. मतदार तेच, गाव तेच; मग चार वर्षांत सगळे वर्णद्वेषी झाले काय?

तिथल्या एका निवृत्त कामगाराच्या तळघरात त्याच्याच विभागात जुळवलेले कपडे धुण्याचे यंत्र अजून चालू आहे. पुढचे पत्र्याचे दार काढून त्याने मला आतला पट्टा दाखवला, तेव्हा त्याचा हात न चाचपडता नेमक्या जागी गेला. अशा माणसाला मी अडाणी म्हणणार नाही.

शिकागोकर
तो लेख मीच लिहिला होता. कारखाना बंद पडल्याचे दुःख मला मान्य आहे, परंतु आपण अर्धीच गोष्ट सांगता. 2008 मध्येच न्यूटनला पवनचक्कीच्या पात्यांचा कारखाना आला. मेटॅगच्या जुन्या इमारतीत पवनचक्क्यांचे मनोरे बनू लागले आणि एप्रिल 2009 मध्ये स्वतः ओबामा तेथे येऊन गेले. रोजगार देणाऱ्या पक्षाकडेच पाठ फिरवायची, याला काय म्हणावे? शिवाय 2017 मध्ये तशाच एका गावातल्या पेट्रोल पंपावर माझ्या सहा वर्षांच्या मुलीदेखत एकाने मला ‘आपल्या देशात परत जा’ असे सुनावले. तिने घरी येईपर्यंत एकच प्रश्न विचारला, ‘बाबा, आपला देश कोणता?’ तो प्रश्न ज्याने ऐकला आहे, त्याला पट्ट्यांच्या गोष्टी सांगू नका.

नेब्रास्काकर
तुम्ही दोघेही मत देऊ शकता, म्हणून हा वाद घालू शकता. मी चौदा वर्षे येथे कर भरतो आहे आणि अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, कारण कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत. दोन्ही पक्षांची सरकारे आली आणि गेली, रांग होती तिथेच आहे. ओबामांनी तरी आमच्यासाठी काय केले?

शिकागोकर
H-4 वरच्या, म्हणजे H-1B व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या, कित्येक जोडीदारांना 2015 मध्ये कामाची परवानगी ओबामांच्याच काळात मिळाली, हे आपण सोयीस्करपणे विसरता.

नेब्रास्काकर
विसरलो नाही. ती माझ्या पत्नीलाच मिळाली आणि पुढची कित्येक वर्षे ती रद्द होणार या धास्तीत आम्ही घर घेतले नाही. उपकार मोजून दाखवायचे असतील, तर ती रात्रीची झोपही मोजा.

डी मॉइनवासी
रांगेचे दुःख खरे आहे, पण ते न्यूटनच्या माथी मारू नका. आता पात्यांविषयी. नव्या कामाचा पगार मेटॅगच्या युनियनने मिळवलेल्या पगारापेक्षा कमी होता, आणि तो कारखानाही 2021 च्या अखेरीस थांबला. चाळीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या माणसाला अर्ध्या वयाच्या साहेबापुढे नव्याने अर्ज करावा लागतो, तेव्हा आकड्यांत न दिसणारे काहीतरी मोडते. उत्तर आयोवातली हॉवर्ड काउंटी पाहा: 2012 मध्ये ओबामांना आणि 2016 मध्ये ट्रम्प यांना, दोन्ही वेळा वीसहून अधिक टक्क्यांची आघाडी. साऱ्या देशात असे दुसरे उदाहरण नाही. ही माणसे दोनदा बदल मागत होती.

शिकागोकर
हॉवर्डचे उदाहरण मला खोडता येत नाही, म्हणून ‘सगळे वर्णद्वेषी’ हे शब्द मी मागे घेतो; मनापासून नव्हे, पण घेतो. मात्र 2016 मध्ये बदल हवा होता असे धरले, तरी पेट्रोल पंपावरची ती भाषा ऐकल्यानंतर 2020 मध्ये जॅस्परने ट्रम्प यांनाच आणखी मोठी आघाडी का दिली, याचे उत्तर आपल्या त्या कामगाराला विचारून या.

डी मॉइनवासी
विचारले होते. तो बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिला आणि मग त्याने पत्र्याचे दार पुन्हा बसवले.