आधी जागा, मग जप्ती: कोंडून ठेवलेली कुत्री सोडवल्यावर पाठवायची कुठे?

पांदणवाट (धागाकर्ता)

तालुक्याच्या गावाबाहेर बंद पडलेलं पोल्ट्री शेड. आत पन्नास-साठ कुत्री. कधी तो विनापरवाना ब्रीडर असतो, कधी हौसेनं सुरू होऊन हाताबाहेर गेलेलं 'शेल्टर'. पुढचं सगळं पाठ झालेलं आहे: व्हिडिओ, तक्रार, पोलीस, पंचनामा आणि संध्याकाळी सहानंतर फोनाफोनी, "कोणी दहा घेता का? पाच तरी?"

माझं मत असं की हा क्रम उलटा हवा. जागा लेखी ठरल्याशिवाय जप्ती करू नये.

हिशेब करून बघा. साफसफाई आणि खाणंपिणं मिळून एका जनावराला दिवसाला १५ मिनिटं धरतात. ६० कुत्र्यांना १५ तास, म्हणजे दोन माणसं पूर्ण वेळ, सुट्टी नाही. कोरडं खाद्य रोज १६-१७ किलो. प्यायचं पाणी मे महिन्यात १००-१२० लिटर, धुण्याचं त्याच्या कैक पट, आणि बोअरवेल भारनियमनाच्या वेळापत्रकावर. हा भार शंभर कुत्र्यांच्या, आधीच भरलेल्या आश्रयस्थानावर एका रात्रीत टाकला की पंधरा दिवसांत तिथली जुनी कुत्रीही मरायला लागतात. दुर्लक्षाचा फक्त पत्ता बदलतो.

जागा म्हणजे दोन गोष्टी. पहिली, मधल्या मुक्कामाची: सिमेंटची जमीन, उतार, नाली, सावली, आणि तीन वेगळे भाग (आजारी, माद्या-पिल्लं, बाकीची). बाजार समितीचं रिकामं शेड चालतं, मातीचं अंगण चालत नाही. दुसरी, कायमची. इथे "बघू, पाठवा" याला किंमत शून्य. किती, कोणत्या प्रकारची, कोणत्या तारखेला, हे संस्थेच्या लेटरहेडवर हवं. छोट्या जातींची नागपूर-अमरावतीला घरं लागतात, त्याची चिंता नाही. अडतात ती मोठी, काळीतांबडी, मिश्र रक्ताची. त्यांना माझ्या मते गावातच, शेतकऱ्याकडे, राखणीला द्यावं. पुण्या-मुंबईला ट्रक भरून पाठवण्यात अर्थ नाही.

आता तुटून पडा.

चिखलमाती

पडतेच. दादा, तुमचा हिशेब बरोबर आणि निष्कर्ष घातक. जागा शोधायची म्हणजे वीस ठिकाणी फोन. विसातला एक फोन त्या ब्रीडरच्या मेव्हण्यापर्यंत पोचतो. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाच कुत्री, चकाचक भांडी आणि वर "बघा साहेब, बदनामी चाललीय." बाकीची पंचावन्न शेजारच्या जिल्ह्यात. विकाऊ माद्या तर सर्वांत आधी हलवतात, कारण पैसा त्यांच्यात असतो.

शिवाय न बघितलेल्या कुत्र्यांसाठी कुठलीही जबाबदार संस्था लेखी देणार नाही. नर किती, गाभण किती, चावरी किती, हे आत गेल्याशिवाय कळतच नाही. म्हणजे तुमची अट पाळायची तर जप्ती कधीच होणार नाही. सोय कोणाची झाली?

सुपूर्दनामा

वकिली बाजूनं थोडं, कारण दोघंही 'जागा' शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळताय.

जप्त कुत्री म्हणजे मुद्देमाल. खटला निकाली निघेपर्यंत संस्थेकडे त्यांचा फक्त ताबा असतो, मालकी नाही. त्यामुळे जप्तीनंतर आठ दिवसांत 'दत्तक मेळावा' भरवणारे स्वतःच अडचणीत येतात. तोवर द्यायचं ते तात्पुरत्या सांभाळाला, कोर्टाला कळवून, प्रत्येक कुत्र्याचा क्रमांक आणि पत्ता नोंदवून.

यातून सुटायची वाट २०१७ च्या मुद्देमाल-जनावरांच्या नियमांतच आहे: मालकाचा लेखी हक्कत्याग. पंचनाम्याच्या वेळीच, पंचांच्या सह्यांसह, क्रमांकवार घ्या. 'सर्व कुत्री' असं मोघम लिहू नका. नंतर तो म्हणतो, ती रॉटवायलर मादी यात नव्हती. हक्क सोडला म्हणून गुन्हा माफ होत नाही, हे त्याला सांगावं लागतं आणि आपल्या लोकांनाही.

तो सही का करेल? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातला दंड पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, त्याला कोण भितो? पण त्याच २०१७ च्या नियमांखाली सांभाळाचा खर्च मालकावर येतो आणि त्याचा बाँड (पैसे भरण्याची लेखी हमी) मागता येतो. साठ कुत्र्यांच्या रोजच्या खर्चाचा आकडा कागदावर मांडला की पेन आपोआप हातात येतं.

आता धागाकर्त्याच्या बाजूचा मुद्दा. मॅजिस्ट्रेटसमोर पहिला प्रश्न येतो, "ठेवणार कुठे?" उत्तर नसेल तर जनावरं आरोपीच्याच ताब्यात राहण्याची वाट मोकळी होते. तेव्हा ताई, मधल्या मुक्कामाचं संमतिपत्र फायलीत हवंच. त्यात शेडचा पत्ता किंवा आरोपीचं नाव घालायची गरज नसते, म्हणून गुप्तताही राहते. कायमची जागा मात्र नंतर शोधली तर चालतं.

डॉ. लाळखुरकत

जागेच्या वादात पहिले चौदा दिवस कुणी मोजत नाही, आणि कुत्री मरतात ती त्यातच.

पहिली चूक दयेपोटी होते. हाडांचा सापळा झालेलं कुत्रं बघून गावकरी दूधभाताची टोपली आणि बिस्किटांचे पुडे आणतात. उपाशी शरीरावर एकदम पिष्टमय अन्न आदळलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम खाली जातं, आणि दोन-तीन दिवसांत 'खातपीत असलेलं' कुत्रं अचानक आडवं होतं. १५ किलोच्या कुत्र्याची बसल्या जागची गरज साधारण ५३० कॅलरी. पहिल्या दिवशी त्याच्या पाव, म्हणजे कोरडं खाद्य जेमतेम ३५-४० ग्रॅम, तेही ४ ते ६ वेळांत वाटून. मग निम्मं, पाऊण, चौथ्या दिवशी पूर्ण. वजन घ्यायला पोत्याचा काटा पुरतो.

दुसरी चूक फिनाइल. वास येतो म्हणून समाधान होतं, पार्व्होला (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूला) त्याचं काही वाटत नाही. आधी साबणानं विष्ठा, केस, चिकटा धुऊन काढा. मग ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट १ भाग, पाणी ३० भाग. १० मिनिटं जमीन ओली राहिली पाहिजे. घाणीवर ओतलं तर निकामी होतं. द्रावण रोज ताजं करा, डबा उन्हात ठेवू नका. आजारी भागात वापरलेला झाडू आणि चपला बाहेर येता कामा नयेत. बहुतेक ठिकाणी रोग पसरतो तो एकच माणूस एकाच झाडूनं तिन्ही भाग झाडतो म्हणून.

डीएचपीपीआय लस (पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूरोगांवरची एकत्रित लस) आत घेतानाच टोचा, 'जरा सावरू दे' म्हणून थांबू नका. २ ते ४ आठवड्यांनी दुसरी. लस २ ते ८ अंशांत हवी. बर्फाच्या डब्यात थेट बर्फाला टेकलेली कुपी गोठते, ती फेका. तीन महिन्यांवरच्यांना रेबीजची. आणि हो, हाताळणाऱ्या माणसांना चावण्याआधीचे तीन डोस दिलेले असावेत. हे अजूनही पोरखेळ समजलं जातं.

गोचीड म्हणून सरसकट आयव्हरमेक्टिन टोचत सुटू नका. कोली वंशाच्या कुत्र्याला ते मेंदूत चढू शकतं, आणि या शेडमधली मिश्र रक्तं कोण तपासणार? हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर आधी रक्त तपासा; एर्लिकिया (गोचिडांतून होणारा रक्ताचा संसर्ग) निघाला तर डॉक्सिसायक्लिन २८ दिवस. चार दिवसांत तरतरी येते आणि गोळ्या बंद होतात, इथेच घोटाळा. अंगातलं रक्त भरून आल्याशिवाय नसबंदीच्या टेबलावर घेऊ नका.

म्हणून पांदणवाट, तुमच्या 'कोणत्या तारखेला' या अटीचा अर्थ मी असा घेतो: चौदा दिवसांच्या आत एकही कुत्रं हलणार नाही. एकाला जरी डिस्टेंपर निघाला तर महिनाभर तरी घड्याळ थांबवा.

काळी कसदार

पांदणवाट भाऊ, वावरात कुत्रं पाह्यजे यात वाद नाई. रोही (नीलगाय) आन् डुकरं तूर-हरभऱ्याचा असा सत्यानाश करतात का रातभर जागल करूनबी पुरत नाई. पण शेतकरी मांगते ते दोन-तीन महिन्याचं पिलू. थे आपल्या हातची भाकर खाऊन मोठं झालं म्हंजे वावर आपलं समजते. चार वर्सं शेडात कोंडलेलं कुत्रं धुऱ्यावर (बांधावर) आणून सोडलं त डुकरासाठी फोडलेल्या पह्यल्या फटाक्याले पळते. मंग पाहा बसून.

दुसरं, फवारणी. औषधाचे डबे धुऱ्यावर, ड्रम उघडा. कुत्रं त्यातलं पाणी पेते. लाळ, थरथर, आंग लाकूड. तालुक्याले नेईलोक खेळ खलास. २०१७ साली आमच्या यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, कुत्र्याचा इचार कोन करन?

तिसरं, तार. झटका मशीनचा झटका बसला त केकाटून पळते, मरत नाई. पण सरळ लाइनीचा करंट सोडनारे महाभाग हायेतच.

द्याचं असन त गोठ्यापाशी, घराच्या आंगनात द्या. वावरात नोका देऊ.

बफरझोन

'काळी कसदार'शी सहमत, आणि एक पाऊल पुढे. ताडोबा, पेंच, मेळघाट, टिपेश्वर यांच्या लगतची गावं या यादीतून सरळ वगळा. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले आणि त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. दाटीवाटीतून आलेली कुत्री म्हणजे नेमका हाच आजार. वाघानं कुत्रं मारलं तर तो लसीचं कार्ड बघून खात नाही.

रात्री वावरात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट. मोकळं सोडलं तर चितळाची पाडसं मारतं. कारंजा-सोहोळच्या काळविटांना आधीच गावकुत्र्यांचा जाच कमी नाही. बरं, कुत्र्यामागे बिबट्या अंगणात आला की ओरड वनखात्याच्या नावानं.

पांदणवाट

बफरझोन, तुमच्या नियमानं चंद्रपूर-गडचिरोली अख्खं बाद होतं. मान्य, तिथे राखणीला नको. पण दर्यापूर, मूर्तिजापूरचा खारपाणपट्टा घ्या, मैलोन्मैल सपाट काळी जमीन, जंगल लांब. तिथला गोठा का नको?

शेत सोडून गोठा, हा बदल मी घेतो. अटी अशा लिहीन: नसबंदी झालेली असावी, रात्री बंद आडोसा, साखळी कायमची नको, पहिले पंधरा दिवस कुंपणाच्या आत, गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हीला दोर, कारण घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून पट्ट्यातून सहज निसटतं. शक्य तिथे ज्या घरी आधीचं शांत कुत्रं आहे तिथेच द्यावं. माणसाला भिणारं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याचं बघून जेवायला, अंगणात यायला शिकतं. सेंट बर्नार्ड, पग असली मंडळी या यादीत नाहीतच. ४५ अंशांत त्यांना पत्र्याखाली ठेवणं हा नवा गुन्हा.

चिखलमाती

अटी छान. तपासणार कोण? शहरातला दत्तक घेणारा निदान फोटो पाठवतो. गोठ्यावर सहा महिन्यांनी गेलं तर "ते गेलं बा कुठंतरी" हे उत्तर मिळतं, आणि वर चहा.

आणि मोठ्या कुत्र्यांना शहरात घर नाही हेही अर्धसत्य. ती परत येतात ती आकारामुळे नाही. घेणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं की हे कुत्रं जिना चढलेलं नाही, पंख्याला घाबरतं, आणि चार वर्षं जिथे झोपलं तिथेच हागलंय म्हणून घरातही तेच करणार. महिनाभर दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागेल हे आधी सांगा. निम्मे गळतील, उरलेले टिकतील.

आर्वी नाका

सगळे डॉक्टर-वकील झाले, पैशाचं बोला. चौदा दिवस, साठ कुत्री, दोन माणसं. कोण देणार?

सुपूर्दनामा

बाँड निघेपर्यंत खिशातूनच. पण जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जप्तीच्या दिवशीच तिथे अर्ज टाका, आठवड्यानं नव्हे. पावत्या क्रमांकवार ठेवा, खाद्य वेगळं, औषध वेगळं, मजुरी वेगळी. 'एकूण खर्च' अशी एकच ओळ लिहिली की समोरचा वकील ती पाच मिनिटांत फाडतो. पशुधन विकास अधिकाऱ्यांना पंचनाम्यालाच बोलवा: वजन, शरीरस्थितीचा १ ते ९ मधला गुण, जखमा, दोन्ही बाजूंचे फोटो. तोच कागद खटल्याला, तोच दत्तकाला.

ताब्यात असताना पिल्लं झाली तर त्याच आठवड्यात नोंद करा. उशिरा नोंदवलेली पिल्लं मूळ मालक हमखास स्वतःची म्हणून मागतो.

डॉ. लाळखुरकत

चिखलमाती ताई, तपासणीचं एक सुचवतो. वर्षानं रेबीजचा बूस्टर लागतोच. दत्तकपत्रात लिहा की तो गावाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, मायक्रोचिपचा १५ अंकी नंबर दाखवून घ्यायचा. कुत्रं आलं नाही तर नंबर कोरा राहतो, म्हणजे कोणाच्या दारी जायचं ते कळतं.

चिखलमाती

चिप वाचायचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात असेल तर. डॉक्टरसाहेब, तिथे कधीकधी थर्मामीटरही मागून आणावा लागतो. एक रीडर संस्थेनं घेऊन फिरता ठेवला, तर तुमचं म्हणणं मान्य.