बंद करताना ३.३ व्होल्ट मागे का रेंगाळतो

झायलिंक्स ७ सिरीजच्या एफपीजीए चिपसाठी १.०, १.८, ३.३ व्होल्टच्या सप्लायचा क्रम ०, ५, १० मिलिसेकंदांनी लावलात, चढताना सगळं सुरळीत, पण उतरताना ३.३ रेंगाळतो असं तुम्ही म्हणता. डिलेशी खेळण्याआधी ३.३ च्या आउटपुटवरचा कपॅसिटर बघा. १००० मायक्रोफॅरड आणि लोड जेमतेम १० मिलिअँपिअर असेल, तर ३.३ शून्यावर यायला ३३० मिलिसेकंद लागतात. टर्न-ऑफ डिले पॉवर मॉड्यूल कधी बंद व्हायचं एवढंच ठरवतो, कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज काही ओढून काढत नाही. ३३ ओहम, १ वॅटचा ब्लीडर (चार्ज रिकामा करणारा रेझिस्टर) आउटपुटवर लावा, साधारण ८० मिलिसेकंदांत काम होईल. मग १.८ ला ऑफ डिले ८० च्या पुढचा द्या, १.० ला त्याहून जास्त. हे चोचले नाहीत: ऑक्झिलरी (चिपच्या आतल्या पूरक सर्किटचा) १.८ आधी गेला, तर आयओच्या (इनपुट-आउटपुट पिनांच्या) ३.३ चा त्याच्याशी फरक २.६२५ व्होल्टच्या वर जातो आणि तिथे डेटाशीटची वेळमर्यादा आहे.

आणखी एक, हे हमखास राहून जातं. पीएमबसच्या (पॉवर मॉड्यूलला सेटिंग देण्याच्या डिजिटल बसच्या) ऑन-ऑफ कॉन्फिगमधला बिट ० जर १ असेल, तर कंट्रोल पिनने बंद करताना मॉड्यूल तडक बंद होतं, डिले गेला उडत. तो ० करून सेव्ह करा.

लाईटच गेली तर मात्र इनपुटचा होल्ड-अप (लाईट गेल्यावरही सप्लाय टिकतो तो वेळ) या सगळ्याला पुरला पाहिजे.